नारंगी पट्टा

आलेख बघून माणसाला राग येतो, हे मी आईला कधीच समजावून सांगू शकले नाही. मी घरी येऊन चपला भिंतीशी आपटल्या की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं वं? कोणाशी भांडून आली?"

"कोणाशी नाही. ऑफिसात एक चित्र आहे."

"चित्राचा काहून राग येते?"

यावर माझ्याकडे उत्तर असायचं, पण ते लांबलचक होतं आणि आईची पोळी तव्यावर असायची. आज ते पूर्ण सांगते.

रायपूरच्या शंकर नगरात टाइल्स आणि नळांच्या एका दुकानावर आमची कंपनी होती. राज्य नवं होतं. नवी राजधानी शहराबाहेरच्या माळावर उभी राहत होती. एकेक खातं ट्रकमध्ये कपाटं भरून तिकडे चाललं होतं आणि प्रत्येक खात्याला आपलं काम संगणकावर आणायची घाई झाली होती. आमच्या मालकांनी या घाईतून जन्म-मृत्यूच्या दाखल्यांचं काम मिळवलं होतं. कारकुनानं माहिती भरायची, आमच्या सॉफ्टवेअरनं दाखला छापून द्यायचा. ऐकायला सोपं.

माझं काम तपासणीचं. प्रोग्रामर जे बनवतील ते लोकांच्या हाती जाण्याआधी मी मोडून बघायचं. रिकामी तारीख टाकायची, चुकीचं गाव टाकायचं, छापता छापता मागचं बटण दाबायचं, आणि काय काय कोसळतं ते लिहून काढायचं. या कामात माझ्या जोडीला एकच मुलगी होती, धमतरीकडच्या एका खेड्यातली, लग्न होऊन रायपूरला आलेली. ती मला दीदी म्हणायची. तपासणीसाठी खोटी माणसं लागायची, तर तिनं आपल्या गावातलीच माणसं घेतली होती. सरपंच, शाळेचे गुरुजी, तिची मोठी वहिनी, सासूशी भांडणारी शेजारीण. त्या सगळ्यांना तिनं आमच्या संगणकात कितीदा जन्माला घातलं आणि कितीदा मारलं, याची गणतीच नाही. "आज गुरुजी को फिर मार दिया, दीदी," असं ती शांतपणे सांगायची, आणि मला समजायचं की मृत्यूच्या फॉर्ममध्ये तिला काहीतरी सापडलं.

मग पुण्याहून मॅनेजर आला.

पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून तो म्हणाला, "अरे! तुम्ही मराठी? इथे? रायपूरमध्ये?" जणू मी जंगलात सापडले होते. मी सांगितलं की माझे वडील वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीत इथे आले, आणि आमच्या शेजारचं घर तर भोसल्यांच्या काळापासून इथलंच आहे. त्याला त्यात रस नव्हता. माझ्या बोलण्यात एकदा 'मले' आलं, ते मात्र त्यानं अचूक उचललं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता तो म्हणायचा, "काय वं, मले पन दे की थोडी भाजी," आणि ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता तेही हसायचे. मी डबा घेऊन माझ्या टेबलाशी बसायला लागले. माझी जोडीदारीणही तिथेच यायची. तेव्हा तिला तिसरा महिना होता आणि भाताच्या वासानं तिला मळमळायचं, म्हणून आम्ही खिडकी उघडी ठेवून जेवायचो.

एका गोष्टीचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. तो आलेख त्यानं आम्हाला फार छान समजावला. आमच्याकडे प्रत्येक कामाचं एक कार्ड असायचं, संगणकातल्या फळ्यावर चार खान्यांतून पुढे पुढे सरकणारं. करायचं, चालू, तपासणी, झालं. रोज संध्याकाळी कुठल्या खान्यात किती कार्डं आहेत ते मोजायचं आणि एकावर एक रंगीत थर रचायचे. तळाशी हिरवा, झालेली कामं. त्यावर नारंगी, तपासणीतली. त्यावर निळा, प्रोग्रामर करत असलेली. सगळ्यात वर करडा, ज्याला अजून कोणी हात लावलेला नाही. दिवस डावीकडून उजवीकडे जातात, थर वर चढत जातात.

"उभं बघा," तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "पट्ट्याची उंची म्हणजे त्या टप्प्यावर आज किती कामं पडून आहेत. आता आडवं बघा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे एक काम तिथे शिरल्यापासून बाहेर पडायला साधारण किती दिवस घेतं. पट्टे सारखे राहून वर चढत असतील तर सगळं ठीक चाललंय. एखादा फुगायला लागला, तर तिथे काहीतरी अडलंय."

मला ते आवडलं. खरंच आवडलं. इतकी वर्षं जे नुसतं पोटात कळायचं, की कुठेतरी कामं तुंबली आहेत, ते डोळ्यांना दिसत होतं. मी घरी जाऊन आईच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलनं तसा एक आलेख काढूनही बघितला.

पुढच्या काही महिन्यांत नारंगी पट्टा फुगत गेला. कामं वाढली होती. मॅनेजरनं प्रोग्रामर आणखी घेतले, जवळजवळ दुप्पट केले. नवी टेबलं आली, दोन पंखे लागले. तपासायला मात्र आम्ही दोघीच होतो.

एका सोमवारच्या बैठकीत त्यानं आलेख पडद्यावर लावला, लेझरचा लाल ठिपका नारंगी फुगवट्यावर फिरवला आणि हिंदीत म्हणाला, "ये ऑरेंज पेट किसका है, भाई? दिन-ब-दिन बढ़ता ही जा रहा है." आणि त्यानं माझ्या जोडीदारणीकडे बघितलं. तिला तेव्हा सहावा लागला होता. ओढणी कितीही पसरली तरी आता झाकलं जात नव्हतं.

खोली हसली. सगळी खोली. ज्यांचे गचाळ फॉर्म ती रोज शांतपणे दुरुस्तीला परत पाठवायची, तेही हसले. ती खाली बघत राहिली आणि तिनं हातातली वही पोटाशी धरली.

मी उभी राहिले. "यात हसण्यासारखं काय आहे, सर?" मी मराठीत विचारलं, कारण मला त्याला एकट्यालाच विचारायचं होतं.

"अहो, गंमत केली."

"तिला आली नाही गंमत. मलाही नाही आली."

"फार मनाला लावून घेता तुम्ही," तो म्हणाला, आणि पुढची स्लाइड लावली.

बैठक संपल्यावर ती जिन्यात मला म्हणाली, "छोड़ो न दीदी." मी सोडलं नाही. मी आलेख छापून घेतला, आई पापड लाटायला बसते तशी मांडी घालून बाकावर बसले, आणि फूटपट्टी घेतली.

पट्टा फुगायची दोन कारणं असू शकतात. एक, त्याची खालची कड सपाट झाली, म्हणजे कामं बाहेर पडायची मंदावली. दुसरं, वरची कड जास्त उभी झाली, म्हणजे आत येणारी कामं वाढली. मी खालच्या कडेवर फूटपट्टी ठेवली. आमच्या हातून पूर्ण होऊन हिरव्यात जाणाऱ्या कामांची रेघ सुरुवातीला जितकी चढती होती तितकीच शेवटपर्यंत चढती होती. आम्ही जराही मंदावलो नव्हतो. सहावा महिना लागलेली माझी जोडीदारीणही नाही. वरची कड मात्र जिन्यासारखी होती. चार दिवस जवळजवळ आडवी, आणि शुक्रवारी सरळ वर. कारण शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजर प्रत्येक प्रोग्रामरनं किती कार्डं पुढे ढकलली ते बघायचा. मग शुक्रवारी दुपारी सगळ्यांची अर्धीकच्ची कामं धडाधड आमच्या खान्यात येऊन पडायची.

आणखी एक गोष्ट होती, तिनं तर माझं डोकंच फिरवलं. आम्हाला एखाद्या कामात चूक सापडली की ते दुरुस्तीसाठी प्रोग्रामरकडे परत जायचं. पण कार्ड मात्र आमच्याच खान्यात राहायचं. तसा मॅनेजरचा नियम होता. म्हणजे प्रोग्रामर चहा पीत दुरुस्ती पुढे ढकलतोय तेवढे दिवस ते काम आमच्या नावावर, नारंगी रंगात. मी आणि ती, दोघींनी बसून नारंगीतलं एकेक कार्ड उघडून बघितलं की हे खरं कोणाच्या टेबलावर पडलं आहे. अर्ध्याहून जास्त कार्डं प्रोग्रामरांकडे होती.

मी तसाच्या तसा आलेख पुन्हा काढला, फक्त नारंगीचे दोन भाग केले. जे खरंच आमच्याकडे होतं ते नारंगी, जे दुरुस्तीला परत गेलेलं ते लाल. नारंगी पट्टा बारीक झाला. लाल सुजला. ते घेऊन मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

त्यानं बघितलं. त्याला कळलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. एवढा हुशार माणूस, त्याला कळणार नाही कसं? पण तो म्हणाला, "कार्ड मागे जात नाही. फळ्यावर कार्ड फक्त पुढे जातं."

"काम तर मागे जातं ना, सर. रोज जातं."

"कार्ड मागे गेलं की रेघ खाली वाकते. खात्याचे लोक हा आलेख बघतात. वाकलेली रेघ दिसली की ते प्रश्न विचारतात."

"विचारू द्या ना. त्याच्यासाठीच तर आहे हे."

"तुम्ही इथे नव्या आहात का?" तो म्हणाला. मी तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून होते.

मी मालकांकडे गेले. सगळे त्यांना बडे भैया म्हणायचे. भला माणूस, पण समोरच्याचं ऐकून शेवटी जो जास्त आत्मविश्वासानं बोलेल त्याचं मानणारा. त्यांनी माझा कागद दोन्ही हातांनी धरून बघितला. "समझ गया बेटा. बात सही है. लेकिन अभी डिपार्टमेंट का प्रेज़ेंटेशन निकल जाने दो, फिर देखते हैं."

प्रेझेंटेशनच्या आधी मॅनेजरनं नवा नियम काढला. तपासणीत दोन दिवसांहून जास्त राहिलेलं कार्ड आपोआप 'झालं' मध्ये जाईल. उरलेल्या चुका एका वेगळ्या यादीत जातील, तिचं नाव 'पुढच्या टप्प्यात'. ती यादी आलेखात मोजली जाणार नव्हती.

एका आठवड्यात आलेख देखणा झाला. पट्टे रुळांसारखे समांतर, नारंगी बोटभर. नव्या राजधानीत, ज्याच्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता अशा एका हॉलमध्ये, त्यानं तो दाखवला आणि साहेब लोकांनी मान डोलावली. मी मागच्या खुर्चीत बसले होते. परतीच्या बसमध्ये, त्या रुंद, रिकाम्या, दोन्ही बाजूंना एकही माणूस नसलेल्या रस्त्यावर, मी दात इतके आवळले होते की जबडा दुखायला लागला.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मी आजही विसरू शकत नाही. त्यानं तो देखणा आलेख बडे भैयांपुढे ठेवला आणि म्हणाला की तपासणीत आता कामच उरलेलं नाही, बघा पट्टा किती बारीक आहे, एका माणसात भागेल. माझ्या जोडीदारणीचं कंत्राट त्या महिन्यात संपत होतं. ते वाढवलं नाही. सातव्या महिन्यात. आधी तिच्या डोक्यावर खोटा फुगवटा मारला, मग तो खोटाच पुसला, आणि पुसल्याचा पुरावा दाखवून तिलाच काढलं. मी केबिनमध्ये जाऊन हे सगळं याच शब्दांत बोलले. तो म्हणाला, "आकडे बोलतात, मॅडम. मी नाही बोलत."

तिनं टेबल आवरलं. खणात एक स्टीलचा ग्लास, कैरीच्या लोणच्याची बाटली आणि एक छोटी उशी होती, पाठीला लावायची. मी तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. रिक्षात बसता बसता म्हणाली, "दीदी, वो मृत्यु वाला फॉर्म देख लेना. मैंने लिखा है. छापने के पहले पीछे जाओ और कुछ सुधारो, तो मरने वाले का नाम और खबर देने वाले का नाम आपस में बदल जाता है."

मी वर येऊन बघितलं. खरंच होतं. ते कार्ड दोन दिवसांच्या नियमात 'झालं' मध्ये गेलं होतं आणि तिची नोंद 'पुढच्या टप्प्यात' पडली होती. मी मॅनेजरला करून दाखवलं. त्याच्या डोळ्यांसमोर गुरुजी जिवंत झाले आणि त्यांचा मुलगा मेला.

"कारकून कशाला मागे जाईल?" तो म्हणाला.

"शुद्धलेखन सुधारायला जाईल. नाव चुकलं तर जाईल. माणूस आहे तो."

"क्वचित होईल. पुढच्या टप्प्यात घेऊ."

मी त्याला लेखी कळवलं, बडे भैयांनाही कळवलं. कोणी उत्तर दिलं नाही. सॉफ्टवेअर चालू झालं, फीत कापली गेली, पेढे वाटले गेले.

आमच्या शेजारच्या घराबद्दल मी मघाशी ओझरतं बोलले, भोसल्यांच्या काळापासूनचं घर ते. तिथे काका-काकू राहायचे. काकांचं गोल बाजारात भांड्यांचं दुकान होतं. पितळेच्या घंगाळापासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं मिळायचं. त्या उन्हाळ्यात काका गेले. दुकानात बसल्या बसल्याच गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि काकू दुकानाचं लायसन आपल्या नावावर करायच्या मागे लागल्या, कारण दुकान बंद ठेवणं त्यांना मंजूर नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. काकू कुंपणापाशी आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद.

"तू काँप्युटरचं करते ना वं? हे वाच जरा. लायसनवाला बाबू मले पाहून हसून राहिला होता."

मी ओले हात पदराला पुसून कागद घेतला. आमचाच दाखला. आमची नक्षी, आमचा शिक्का, आमचा फाँट. 'मृतक का नाम' याच्यापुढे काकूंचं नाव. 'सूचना देने वाले का नाम' याच्यापुढे काकांचं. म्हणजे मेलेले काका सरकारी खिडकीवर गेले होते आणि आपली बायको मेल्याचं सांगून आले होते.

"कारकुनानं नाव चुकवलं होतं का, काकू? मग सुधारलं?"

"हो. ह्यांच्या नावात मात्रा चुकली होती. मी म्हटलं, बाबू, मात्रा चुकली. त्यानं नीट केलं. काहून?"

मी कागद पुन्हा वरपासून वाचला.

काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "काय लिहिलं आहे वं? सांग ना मले. मी मेली काय?"

त्यांनी ते हसत विचारलं होतं. मी मान हलवली आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी कुंपणाची तार धरली. मग म्हणाल्या, "ह्यांचं नाव नाही तर नाही, पण मले काहून मारलं? मी काय वाईट केलं होतं त्या बाबूचं?"

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी काकूंना विचारलं, याल का माझ्यासोबत? त्या म्हणाल्या, चल. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, पायात काकांच्या बाटाच्या चपला, कारण त्यांच्या स्वतःच्या चपला काकांच्या दशक्रियेच्या गडबडीत कुठेतरी हरवल्या होत्या. काकूंना माझ्या स्कूटीवर मागे बसवून सदर बाजारच्या गर्दीतून आम्ही शंकर नगरला गेलो. जिना चढताना त्यांना धाप लागली.

बैठक सुरू झाली होती. बडे भैयाही होते. पडद्यावर तो देखणा आलेख. मी दार उघडलं, काकूंना आत घेतलं, आणि मॅनेजरच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं.

"हे काय आहे?" मॅनेजर उठला.

"सर, तो हिरवा पट्टा आहे ना, झालेल्या कामांचा? या त्याच्यातल्या आहेत," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला होता की खालच्या टाइल्सच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन उभा राहिला. "आपण यांना पूर्ण केलं आहे. बघा कागद."

कागद टेबलावरून सरकत बडे भैयांपर्यंत गेला. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. मग काकूंकडे बघितलं.

मॅनेजर आता मराठीत, मऊ आवाजात म्हणाला, "काकू, सिस्टीममध्ये थोडा तांत्रिक दोष..."

"मले सिस्टीम नाही समजत, साहेब," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या नावाचा कागद पाहिजे मले. तिथं मीच मेली म्हणून लिहिलं आहे. बाबू हसते मले पाहून. मी ह्यांच्यासाठी रडू का माझ्यासाठी, ते सांगा."

त्या प्रोग्रामरांपैकी एकानं पाण्याचा ग्लास आणून काकूंपुढे ठेवला. त्यांनी हातही लावला नाही.

"एखादी केस आहे," मॅनेजर बडे भैयांना इंग्रजीत म्हणाला.

तेव्हा मी टेबलावर हात आपटला. "एखादी नाही! ज्या ज्या कारकुनानं एक मात्रा सुधारली असेल त्या त्या घरात जिवंत माणूस मेला आहे! हे जिनं पकडलं तिला तुम्ही काढलं! तिच्या पोटावर हसून काढलं! आणि पुरावा म्हणून काय दाखवलं? हे!" मी पडद्याकडे बोट केलं. अर्धं मराठी, अर्धं हिंदी, 'मले' आणि 'काहून' सगळं त्यात आलं. या वेळी कोणी हसलं नाही.

बडे भैयांनी चष्मा काढला. "बंद करो इसको," ते पडद्याकडे न बघता म्हणाले. मग काकूंपुढे हात जोडून उभे राहिले आणि माफी मागितली.

ती चूक जेवणाच्या सुट्टीच्या आत दुरुस्त झाली. ज्या प्रोग्रामरनं केली तो म्हणाला, छोटीशीच होती, दीदी. हे ऐकून माझा राग उतरायला हवा होता. तो दुप्पट झाला. एवढंसंच होतं तर एवढंसंच करायला काय झालं होतं? नंतर कित्येक आठवडे वॉर्डांतले कारकून लोकांना फोन करून बोलावत होते, जुने दाखले परत घेत होते, नवे देत होते. किती घरांत कोण कोण मेलं आणि जिवंत झालं ते मी मोजलं नाही. काकूंना नवा दाखला मिळाला, आणि लायसन. त्या अजून दुकानात बसतात. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकावर चढलेला त्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू येतो.

दोन दिवसांचा नियम रद्द झाला. कार्डं मागे जायला लागली. आमच्या आलेखाच्या रेघा वाकड्या झाल्या, लाल पट्टा सगळ्यांना दिसू लागला, आणि शुक्रवारचा जिना हळूहळू मोडला, कारण कच्चं काम ढकललं की सोमवारी ते लाल रंगात सगळ्यांपुढे यायचं. मॅनेजरला मात्र काही झालं नाही. खात्यापुढे त्यानं सांगितलं की दोष आमच्या टीमनं तातडीनं शोधून दूर केला. काही महिन्यांनी तो मोठ्या शहरात मोठ्या जागी गेला. निरोपाचा केक कापला तेव्हा मी खाली टाइल्सच्या दुकानात उभी होते.

बडे भैयांनी मला सांगितलं, तिला परत बोलाव. मी गेले. तिच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, शिरताच एका दारातून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेच तिचं घर होतं. मुलगी झाली होती, केसांनी भरलेलं डोकं, आईसारखेच शांत डोळे. तिनं मला चहा दिला, मी निरोप सांगितला.

"हव, समझ गई," ती म्हणाली. बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "लेकिन बुलाने किसको भेजा, दीदी? आपको. जिन्होंने निकाला, जो हँसे, उनमें से तो कोई नहीं आया."

मी म्हटलं, "नहीं आया."

"तो मैं काहे आऊँ?"

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतके दिवस मला वाटत होतं की राग फक्त माझाच आहे.

ती आली नाही. बाळ जरा मोठं झाल्यावर तिनं नवऱ्याच्या मोबाइलच्या दुकानातच एक संगणक ठेवला आणि लोकांचे दाखल्यांचे अर्ज भरून द्यायला लागली. अर्ज जातात आमच्याच सॉफ्टवेअरवर. काही अडलं की ती मला थेट फोन करते, नमस्कार-चमत्कार काही नाही. परवा म्हणाली, "दीदी, ये जुड़वाँ बच्चों का फॉर्म किसने बनाया है? दूसरे बच्चे को ले ही नहीं रहा. एक माँ यहाँ आधे घंटे से बैठी है, उसको मैं क्या बोलूँ?"

मागे दोन बाळं एकदम रडत होती. मी म्हटलं, थांब, फोन ठेवू नको, आणि ज्या पोरानं तो फॉर्म बनवला होता त्याच्या टेबलाकडे निघाले.